श्रावणात मुरलेली टाकी

आमच्या घरात श्रावण अत्यंत कडक पाळला जातो. त्या वर्षी तो कोळंबीसकट पाळला गेला, एवढंच.

सुरुवातीलाच सांगून ठेवते, मला स्वतःला माशांचं अजिबात वेड नाही. माझं माहेर साताऱ्याकडचं. लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हा बांगडा कुठला आणि सुरमई कुठली हे मला बोट दाखवून सांगावं लागायचं. आता खाते, चवीने खाते. पण नसले मासे म्हणून माझं काही अडत नाही. सासूबाईंचं मात्र अडतं. जेवणात मासा नसेल तर त्या दोन घास कमी जेवतात आणि दिवसभर ‘आज काय जेवल्यासारखंच वाटत नाय’ असं म्हणत फिरतात. असं असूनही श्रावण लागला की त्या माशाचं नावसुद्धा घेत नाहीत. मिक्सरच्या ज्या भांड्यात कधी माशांचं वाटण केलं असेल, तेही माळ्यावर जातं.

तर ही टाकी आमच्या ह्यांची हौस. हे जहाजावर इंजिनरूममध्ये असतात. वर्षातले कितीतरी महिने समुद्रात काढतात, पण समुद्र काही त्यांना दिसत नाही. दिसतात ते पाइप, ऑइल आणि वाफ. त्या वर्षी सुट्टीवर आल्यावर त्यांच्या मनाने घेतलं, की हॉलमध्ये चांगली भिंतभर काचेची टाकी आणायची, रंगीत मासे सोडायचे आणि सुट्टीवर आलं की खुर्ची टाकून नुसतं बघत बसायचं. टाकी आली ती एवढी मोठी की समोरच्या नलूवहिनींना वाटलं आम्ही दुकान काढतोय! ती ठेवायला लोखंडी स्टँड मिळत होता, पण आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, ‘चिरा असताना लोखंड कशाला?’ म्हणून गवंड्याकडून हॉलमध्ये जांभ्या चिऱ्यांचा चौथरा बांधून घेतला, वर गिलावा केला. तो नेमका तुळशीवृंदावनासारखा दिसायला लागला. (हळदीकुंकवाला आलेल्या दोघी-तिघींनी जाता जाता त्याला नमस्कारही केला!)

टाकी बसली आणि ह्यांची सुट्टी संपली. पाणी भरणं, टाकी तयार करणं, सगळं राहिलं. त्यात आईंचा झोपाळा त्याच जागेवर होता, तो काढावा लागला. लेकासाठी त्यांनी झोपाळा दिला, पण छताच्या कड्या काही काढू दिल्या नाहीत.

“ऱ्हाऊ देत गो त्या कड्या,” त्या म्हणाल्या. “घाटावरची सून मासे सांभाळणार. झोपाळा कधी परत लागेल सांगता येत नाय.”

ह्यांनीही निघताना बॅग उचलत म्हटलं, “तू उगाच हात लावू नकोस. तुला नाही जमायचं. मी पुढच्या सुट्टीत बघतो.”

मला दोन्ही गोष्टी लागल्या. आणि खरं सांगू, वाईटही वाटलं. पुढच्या सुट्टीत टाकी तयार करायला घेतली, तर सगळी सुट्टी त्यातच जाणार आणि हा माणूस एकही मासा न बघता परत इंजिनरूममध्ये उतरणार. मी म्हटलं, “तुम्ही गणपतीच्या आधी याल ना? तेव्हा मासे आणून सरळ टाकीत सोडायचे. टाकी तयार असेल.”

बोलून गेले खरी, पण टाकी तयार करणं म्हणजे नेमकं काय ते मला ह्यांनी जहाजावरून व्हिडिओ कॉल करून सांगितलं, तेव्हा कुठे कळलं. नव्या पाण्यात लगेच मासे सोडले तर ते स्वतःच्याच घाणीने मरतात. म्हणून आधी ती घाण खाणारे जिवाणू टाकीत वाढवायचे. आणि ते वाढावेत म्हणून आधी टाकीत मुद्दाम काहीतरी कुजवायचं. ते कुजलं की पाण्यात अमोनिया होतो, जिवाणू तो खातात आणि शेवटी पाणी शुद्ध होतं.

“म्हणजे विरजण,” आई मागून म्हणाल्या.

“तसंच समज,” हे म्हणाले. “एक कोळंबी टाक टाकीत.”

“कुठली?” आईंनी विचारलं. “टायगर की आपली लहान?”

“कुठलीही, आई! कुजवायचीय!”

आईंचा चेहरा असा झाला, की मी घाईघाईने फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले आणि कोळिणीला म्हटलं, “एक कोळंबी द्या.”

“एक किलो?”

“एक. नग.”

तिने माझ्याकडे खालून वर पाहिलं. “काय गो बाय, दृष्ट काढायची हाय काय कोलंबीनं?”

आजूबाजूच्या बायका हसल्या. मी शरमेने अख्खा वाटा घेतला. घरी आल्यावर विचार केला, टाकी एवढी मोठी, तिला एक कोळंबी कशी पुरणार? आपल्याकडे पाहुणे वाढले की आमटी वाढवतो, तसंच हेही! म्हणून ह्यांच्या एका जुन्या मोज्यात त्यातल्या चांगल्या टपोऱ्या आठ-दहा कोळंब्या भरल्या, मोज्याला गाठ मारली आणि तो टाकीत सोडला. आई मागे उभ्या राहून बघत होत्या. मी आयुष्यात त्यांच्या डोळ्यांत दोनदाच पाणी पाहिलंय. नणंदेच्या पाठवणीला एकदा आणि हे दुसऱ्यांदा.

“ताजी होती गो,” एवढंच त्या म्हणाल्या.

मग तपासणी सुरू झाली. छोट्या काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं राहिलं तर शुद्ध, हिरवं झालं तर अमोनिया.

“कुठला रंग आला?” ह्यांनी फोनवर विचारलं.

“हिरवा.”

“कसला हिरवा? फिकट की गडद?”

“पोपटी... नाही, पोपटी नाही. तुमच्या बहिणीच्या डोहाळजेवणातली माझी साडी आठवते?”

“नाही.”

“तिच्या काठासारखा.”

ह्यांनी साडीचा नाद सोडला. मग हे म्हणाले, “तू पाणी बदल. अर्धं काढ, अर्धं नवीन भर. आणि किती कोळंब्या टाकल्यास?”

“आवाज येत नाहीये हो,” मी म्हणाले.

पाणी बदलायची माझी पद्धत सोपी होती. एक लांब पाइप टाकीत सोडायचा, दुसरं टोक खिडकीतून परसात टाकायचं आणि तोंडाने ओढून पाणी सुरू करायचं. (पहिल्यांदा ओढताना मी जरा जास्तच जोर लावला. कोळंबीचं ते सार माझ्या घशाखाली उतरलं, याबद्दल मी जास्त काही लिहिणार नाही.) खिडकीखाली आईंचं अळू होतं. ते पाणी पिऊन अळू असं तरारलं, की पानं सुपाएवढी झाली.

एवढ्यात आषाढ संपला. गटारीला आळीत घराघरांत तळणी झाली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळी आळी सात्त्विक झाली. त्याच मुहूर्तावर टाकीतल्या कोळंब्या कामाला लागल्या. सकाळी हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि थेट बंदरावर आल्यासारखं वाटलं!

“वैशाली!” देवघरातून आई ओरडल्या. “श्रावणात घरात ही काय घाण? काढून टाक आधी!”

“आई, आता काढलं तर सगळं फुकट जाईल. तुमचा मुलगा येणार, त्याला एकही मासा दिसणार नाही.”

आई देवघरातून उठल्या. हॉलमध्ये येऊन त्यांनी पदर नाकाला लावला. मग पदर थोडा खाली केला. मग आणखी थोडा. मग म्हणाल्या, “नीट लक्ष ठेवायला हवं हो ह्याच्यावर. तू ऑफिसला जातेस. मीच बसते.”

आणि त्या दिवसापासून आईंची खुर्ची टाकीला लागून आली. दिवसभर हातात जपमाळ, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान. श्रावणात त्या दरवर्षी वाळतात, पण त्या श्रावणात दिवसेंदिवस टवटवीत दिसू लागल्या. मला वाटलं, टाकीमुळे त्यांना नवा विरंगुळा मिळाला. (मी घाटावरची. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागतो.)

वास आमच्या हॉलमध्ये थांबता तर प्रश्न नव्हता. पण तो आळीत उतरला. नलूवहिनी तणतणत आल्या.

“वैशाली, आळीत कोणीतरी खातंय!”

“काय?”

“मासे! ऐन श्रावणात! मला कोपऱ्यावरच्या नव्या भाडेकरूंचा संशय येतोय. चल, बघून येऊ.”

मी गेले. नसते गेले तर संशय माझ्यावर आला असता. आम्ही दोघी दारोदार उभ्या राहिलो. नलूवहिनी ‘साखर आहे का वाटीभर?’ असं विचारत आत डोकावत आणि नाक वर करून हुंगत. भाडेकरूंच्या घरात भोपळ्याची भाजी शिजत होती. पुढच्या घरात नुसता वरणभात. सगळी आळी पालथी घालून, हातात पाच वाट्या साखर घेऊन आम्ही आमच्याच फाटकाशी येऊन पोचलो. तिथे नलूवहिनी थबकल्या.

“इथे जास्त येतोय गो.”

“वारा समुद्राकडून आहे,” मी म्हणाले.

पण वहिनी आत शिरल्याच. टाकी, तिच्यात तरंगणारा मोजा आणि शेजारी जपमाळ घेतलेल्या आई. आईंनी डोळेही न उघडता सगळं समजावून सांगितलं. विरजण, जिवाणू, लेकाची सुट्टी. आता ही बाई गावभर करणार, हे मी धरूनच चालले. वहिनींनी एक दीर्घ श्वास घेतला. मग दुसरी खुर्ची ओढून त्या टाकीच्या पलीकडच्या बाजूला बसल्या.

“मी येत जाईन रोज,” त्या हळूच म्हणाल्या. “टाकी बघायला.”

“पण वहिनी, बघायला आहे काय? नुसतं पाणी आहे.”

“पाणीच गो. पाण्याकडे बघितलं की मन कसं शांत होतं.”

दुसऱ्या दिवशी त्या आपल्या जावेला घेऊन आल्या. मग जावेची विहीण. मग ते नवे भाडेकरू नवरा-बायको, साखरेची वाटी परत न्यायच्या निमित्ताने. रोज संध्याकाळी हॉल भरू लागला. कोणी काही बोलत नसे. सगळे टाकीकडे तोंड करून बसत, मधूनमधून खोल श्वास घेत आणि तृप्त होऊन आपापल्या घरी भोपळा खायला जात. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! माझ्या रिकाम्या टाकीला एवढे प्रेक्षक! मी सगळ्यांना जिवाणूंची माहिती देऊ लागले. सगळे मान डोलवायचे आणि म्हणायचे, “वर्णन नको वैशाली, झाकण जरा सरकव.”

इकडे टाकी मात्र ऐकेना. मोज्यातल्या कोळंब्या केव्हाच विरघळल्या, मी मोजा बाहेर काढून टाकला, तरी पाणी हिरवं ते हिरवंच. मी निम्मं पाणी बदलायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच साडीचा काठ. पाणी वाहून वाहून माझे खांदे भरून आले. ऑफिसात बसल्या बसल्या माझ्या तोंडात आपोआप पाइप ओढल्यासारखा चंबू होऊ लागला.

“हे होऊच शकत नाही,” हे फोनवर म्हणाले. “टाकीत काही नाही, मग अमोनिया येतो कुठून?”

“मला काय माहीत!”

“मी सांगितलं होतं, तुला नाही जमायचं म्हणून.”

त्या दिवशी मी खरंच रडले. गणपती जवळ येत चालले होते. वर छताच्या कड्या माझ्याकडे बघून हसत आहेत असं वाटायला लागलं.

आणि त्यातच आमचा श्रावणातला सत्यनारायण आला. पूजा हॉलमध्येच, टाकीसमोर. मी सकाळपासून उदबत्त्यांची दोन पाकिटं जाळली. गुरुजी आले, त्यांनी चौरंगाजवळ बसताना एकदा नाक वर केलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता संकल्प सुरू केला. पूजा निर्विघ्न पार पडली. पंगत बसली. त्यात आईंनी परसातल्या अळूचं फदफदं केलं होतं. गुरुजींनी पहिला भुरका मारला आणि डोळे मिटले.

“वहिनी, एवढी वर्षं पूजा सांगतोय. असं अळू जन्मात खाल्लं नाही. काय घातलंत?”

“पाणी,” आई म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. ह्यांना तीर्थप्रसाद नाही तर निदान दर्शन तरी हवं होतं. मी फोन टाकीच्या काचेला टेकवून उभा केला. आईंना कमी ऐकू येतं म्हणून आवाज नेहमीच पूर्ण असतो आणि ह्यांना इंजिनरूमची सवय, त्यामुळे हे ओरडूनच बोलतात. आळीतली सगळी मंडळी पंगतीत. ह्यांनी भक्तिभावाने हात जोडले आणि त्याच दमात विचारलं:

“वैशाली, त्या टाकीतल्या कोळंब्या नीट कुजल्या होत्या ना? आणि ते पाणी अजून अळूलाच घालतेयस का?”

पंगतीत वाढपी जागच्या जागी थांबले. गुरुजींचा अळूने भरलेला हात पानावर तसाच राहिला. आता माझ्या हातून श्रावण, सत्यनारायण, अळू आणि सासर सगळंच बुडालं, असं वाटून मी ओरडले, “गुरुजी, शपथ घेऊन सांगते, टाकीत आता एकही कोळंबी नाही! कधीच संपल्या! आता कोणीही काहीही टाकत नाही!”

आणि भरल्या पंगतीत, घाबऱ्या घाबऱ्या, नलूवहिनी बोलल्या, “मी फक्त सोडेच टाकले हो.”

“काय?”

“वाळवलेली कोलंबी, ती काय ओली नव्हे. वास कमी झाल्यासारखा वाटला म्हणून. दोन-चार. परवा.”

“परवा?” त्यांची जाऊ म्हणाली. “परवा तर मी टाकले!”

नव्या भाडेकरूंनी पानावर मान खाली घातली. त्यांनी कबूल केलं, की ते कोकणात नवीन आहेत, इथली रीतच तशी असेल असं समजून त्यांनी चिमूटभर सुकट टाकली. मी आईंकडे पाहिलं. आई अत्यंत एकाग्रपणे ताकाची वाटी न्याहाळत होत्या.

“आई?”

“माझा रोजचा जप चालू असतो,” आई म्हणाल्या. “मधे कोणी काय टाकलं, मला काय ठाऊक.”

“आणि तुम्ही?”

“मी आपला एकच. रोज सकाळी. आंघोळीच्या आधी.”

फोनमधून ह्यांचा आवाज आला, “अगं, हिरवं का होतंय ते कळलं!”

मला हसावं की रडावं ते कळेना. मी गुरुजींसमोर हात जोडले. गुरुजींनी पानातल्या अळूकडे पाहिलं, मग टाकीकडे, मग पुन्हा अळूकडे.

“पोटात गेलं तर दोष,” ते सावकाश म्हणाले. “नाकात गेलेल्याबद्दल मी तरी काही वाचलेलं नाही.”

“आणि अळू, गुरुजी?”

“अळू जमिनीतून आलं. जमिनीत काय काय मुरलेलं असतं ते बघायला गेलं, तर माणसानं जेवायचंच नाही. वाढा आणखी थोडं.”

त्या दिवशी मी टाकीच्या झाकणावर पाटा ठेवला. आईंनी टाकीत सोडे न टाकण्याचं वचन देवासमोर दिलं आणि सोड्यांचा डबा माझ्या ताब्यात दिला. (तो डबा देवघराच्या मागे होता, हे मी गुरुजींना सांगितलं नाही.) मग एकदा मोठं पाणी बदललं आणि वाट बघत बसले. आणि काय सांगू! एका सकाळी नळीत थेंब टाकले तर पाणी पिवळं! मला खरं वाटेना. पुन्हा टाकले. पिवळं! मी ती नळी हातात धरून घरभर नाचले, आईंना मिठी मारली, नलूवहिनींना रस्त्यात थांबवून नळी दाखवली. त्यांनी नळी हुंगली आणि उसासा टाकला.

हे आले. बॅग दारातच टाकून त्यांनी स्वतः पाणी तपासलं. मग मुद्दाम त्यात अमोनियाचा डोस टाकून बघितला. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा पिवळं! आळीने मिळून एवढं खाऊ घातल्यामुळे आमच्या टाकीतले जिवाणू असे मातले होते, की समोर येईल ते फस्त करत होते. त्याच दिवशी मासे आले. एंजल, गोल्डन, निळे, ठिपक्यांचे! हे खुर्ची टाकून समोर बसले ते उठेचनात. बऱ्याच वेळाने माझ्याकडे न बघताच म्हणाले, “वैशाली, मला खरंच वाटलं नव्हतं गं.” एवढ्या वर्षांच्या संसारात एवढं सुखाचं वाक्य मी ऐकलं नव्हतं. तिकडे आईंनी त्याच संध्याकाळी सुताराला बोलावून कड्या काढायला सांगितल्या.

ह्यांनी मोठ्या कौतुकाने सगळ्या आळीला टाकी बघायला बोलावलं. सगळे आले. टाकीसमोर उभे राहिले. त्यांनी खोल श्वास घेतला, एकमेकांकडे पाहिलं आणि कोणीच बसलं नाही.

“छान आहेत हो मासे,” नलूवहिनी पडेल आवाजात म्हणाल्या. “पण पूर्वीची मजा नाय.”

“पूर्वी तर टाकी रिकामी होती!” हे म्हणाले.

“तेच तर.”

मी मनात म्हटलं, काय ही माणसं! एवढे सुंदर मासे समोर आणि ह्यांना वास हवाय! बरं झालं, मला असलं काही वेड नाही. हे पुन्हा जहाजावर गेल्यापासून टाकीचं सगळं मीच बघते. दर रविवारी थोडं पाणी बदलते आणि ह्यांना व्हिडिओ कॉलवर मासे दाखवते. पाणी बदलायच्या आधी झाकण उघडून टाकीवर वाकते आणि डोळे मिटून चांगला खोल श्वास घेते.

“वा! किती मन लावून तपासतेस,” हे दरवेळी म्हणतात. “वास नाही ना काही?”

“काहीच नाही हो,” मी सांगते आणि एक मोठा सुस्कारा सोडते.

तो सुटकेचा असतो, असं ते समजतात.